मास्तरांचं पहिलं जितं गिऱ्हाईक

अच्युत मास्तर ज्याचं चित्र काढतात तो माणूस वर्षाच्या आत वर जातो, अशी वर्ध्यात बोलवा होती.

आमच्या गल्लीत तिचं मूळ सायकलवाल्या भैय्याजींच्या दुकानात होतं. पंक्चर काढता काढता ते दाखले देत. "देवळीच्या दलालाचं चित्र काढलं, गेला. जिनवाल्या शेठचं काढलं, गेला. अल्लीपूरच्या पाटलाची माय, चांगली धडधाकट बाई, तिचंबी काढलं. आता सांगा, हाये का ते?"  ऐकणारा हवा भरून घ्यायचा आणि मास्तरांच्या दारावरून जाताना पायडल जरा जोरानं मारायचा.

खरी गोष्ट उलटी होती. उलटी आणि कंटाळवाणी, म्हणून कुणी सांगत नसे. माणूस आधी मरे. मग तेरवी आटोपली की त्याचे मुलगे पिवळा पडलेला एखादा फोटो कागदात गुंडाळून मास्तरांकडं येत. फोटो बहुतेक कुणाच्या तरी लग्नातला असे. त्यात बापाचं तोंड हरभऱ्याच्या डाळीएवढं आणि शेजारच्या मामाचा हात बापाच्या कानावर. "मास्तर, याच्यातून बाबा काढून द्या." मास्तर बाबा काढून देत. मामाचा हात पुसत, झाकलेला कान आपल्या अंदाजानं बसवत आणि पाण्याच्या रंगात बाबांना पुन्हा उभं करत. दलालाचं, शेठचं, पाटलाच्या आईचं, सगळ्यांची चित्रं ते ते लोक गेल्यावरच निघाली होती. भैय्याजींच्या हकिकतीत एवढं आधीचं नंतर झालं होतं, आणि एवढी सवलत आमची गल्ली सगळ्यांनाच देते.

आमच्याकडं अमका मेला असं एकदम तोंडावर कुणी म्हणत नाही. "त्याचा फोटो लागला" म्हणतात. ज्याचा फोटो भिंतीला लागला, त्याच्यापुढं उदबत्ती आणि हार आलाच. त्यामुळं जित्या माणसानं स्वतःची तसबीर लावून घेणं म्हणजे जेवता जेवता तिरडीचे बांबू निवडण्यासारखं. मास्तरांकडं जिवंत माणूस कधी बसला नाही तो असा.

बाकी मेलेल्यांचे लाड मास्तरांनी पुष्कळ केले. जन्मभर ओट्यावर उघड्या अंगानं बसलेला म्हातारा असला तरी मुलगे म्हणत, "मास्तर, तेवढा एक काळा कोट घाला." वर्धा म्हणजे खादीचं गाव, पण मेल्यावर प्रत्येकाला विलायती कोट लागे. मास्तर कोट घालत, उपरणं घालत, कुणाला जरीची किनार तर कुणाला खिशात घड्याळाची साखळी. शाळेतल्या नोकरीत मुलांकडून केळ्यांची आणि मडक्यांची चित्रं काढून घ्यायची आणि संध्याकाळी घरी मढी जिवंत करायची, यात त्यांची उमर गेली. पुढं शाळा सुटली, मढी राहिली. दारात कुणी फोटो घेऊन आला की ते मान वर न करताच म्हणत, "ठेवा त्या टेबलावर. कोण गेलं?" त्यात दुःख नसे, चौकशीही नसे. टेशनावरचा बाबू "कुठलं तिकीट" विचारतो, तसं ते होतं.

या थकव्याच्या तळाशी मास्तरांची एकच इच्छा होती. समोर बसलेला, श्वास घेणारा माणूस एकदा तरी रंगवायचा. एकदाच त्यांनी प्रमोदिनीबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, खिडकीशी बसवलं होतं. बाई बसल्या, पदर सावरला आणि मास्तरांनी ब्रश भिजवताच उठून उभ्या राहिल्या.

"दूध उतू जातंय."

"आज दूध आलंच नाही."

"मग ते बघते, का नाही आलं ते. अहो, मला अजून आपल्या लेकीचं लग्न पाहायचंय हो."

घरातच ही गत, तर गावाला काय नावं ठेवायची?

आणि आता वेळही फार उरला नव्हता. मास्तरांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि डाव्यात त्याची चाहूल. डॉक्टर म्हणाले होते, "अजून कच्चा आहे. पिकू द्या, मग काढू." जसं काही सीताफळ. तो पिकेपर्यंत जे दिसतं ते दिसतं. त्यानंतरच्या जाड भिंगातून ब्रशाचं टोक सापडेल की नाही, हे डॉक्टरही सांगेनात. हे फक्त प्रमोदिनीबाईंना माहीत होतं, म्हणजे गल्लीला साधारण पंधरा दिवसांनी कळलं.

सत्तावन्न सालची दिवाळी तोंडावर आली होती. कापसाच्या बैलबंड्या सरकी काढणाऱ्या जिनाकडं लागल्या होत्या आणि गल्लीभर सरकीचा वास होता. सकाळच्या वेळी धोतर आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेला एक उंच माणूस मास्तरांच्या दारात येऊन उभा राहिला. एका काखेत कागदाचं पुडकं, दुसऱ्या हातात पिशवी.

"ठेव त्या टेबलावर," मास्तर म्हणाले. "कोण गेलं?"

"कोनी नाई गेलं, मास्तर."

"मग चित्र कोणाचं काढायचं?"

"माहं."

मास्तरांनी चष्मा वर करून पाहिलं. "तू तर जिवंत आहेस."

"हो," तो माणूस विचार करून म्हणाला. "आतापर्यंत त आहो."

तो पिपरी मेघेचा चंद्रभान थूल. पलटणीत हवालदार होऊन, काश्मीरच्या बर्फात डाव्या पायाचा अंगठा ठेवून, पेन्शनीवर घरी आलेला. आता जिनात रात्रीची राखण करायचा. गेल्या सालच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्यानं धम्म घेतला होता, घरातले खंडोबा-मरीआई नदीत सोडले होते आणि अमुक केल्यानं माणूस मरतो, तमुक केल्यानं जगतो, असल्या गोष्टी आपण मानत नाही, असं तो चारचौघांत ठासून सांगायचा. भैय्याजींनी त्याला चाक दुरुस्त करता करता मास्तरांची कीर्ती सांगितली होती. ती ऐकूनच तो आला होता. वाघ आहे म्हटल्यावर मुद्दाम त्याच रानातून जाणारी माणसं असतात, त्यातला एक.

त्यानं पुडकं सोडलं. आत घडी घातलेली खाकी वर्दी होती. बाहीवर तीन पांढऱ्या पट्ट्या, छातीवर बिल्ल्यांच्या फिती, कडक इस्त्री. पिशवीतून बूट निघाले, काळे, तोंड पाहावं असे.

"मी छातीपर्यंत काढतो," मास्तर म्हणाले.

"काऊन?"

"फोटो छातीपर्यंतच असतात म्हणून."

"मी फोटो नाई, मास्तर. मी पुरा आहो." मग बुटांकडं बोट दाखवून तो म्हणाला, "हे आले पायजे. माहा आजा पाटलाच्या दारावरून जाताना वाहना हातात घेऊन जाये. मी बूट घालून कुठंकुठं गेलतो, हे माह्या नातवाले भिंतीवर दिसलं पायजे."

पुरा माणूस काढायचा म्हणजे तोंड सुपारीएवढं होणार, आणि सुपारीएवढ्या तोंडात नाक-डोळे बसवायला मास्तरांजवळ दीड डोळा. शहाण्यानं नाही म्हटलं असतं. मास्तर म्हणाले, "रविवारी ये. ऊन दारात आल्यावर."

रविवारी चंद्रभान वर्दी घालूनच पिपरीहून चालत आला. आमची गल्ली चरख्याच्या सवयीची. खाकी आली म्हणजे कुणाला तरी धरायला आली, एवढंच तिला ठाऊक. बायका दारात आल्या, भैय्याजींनी हातातला पाना कपाळाला लावून सलाम ठोकला. आणि मास्तर, जे परवा त्याला "तू" म्हणाले होते, ते उठून म्हणाले, "या, बसा हवालदार." चंद्रभानच्या हे ध्यानात आलं. मिशी मात्र हलली नाही.

मिशीच काय, त्याचं काहीच हलेना. खुर्चीवर बसला तो सावधान. पाठ खुर्चीला लागत नव्हती, पापणी पापणीला लागत नव्हती. दारातून मांजर आलं, त्याच्या बुटांत स्वतःला पाहून फिस्कारलं, तरी नाही.

"जरा ढिले बसा."

"वर्दीत ढिलं बसता येत नाई."

मास्तरांना शाळेतली कवायत आठवली. त्यांनी घसा साफ केला आणि हुकूम सोडला, "विश्राम!"

चंद्रभाननं गुडघे वीतभर लांब केले, मुठी मांडीवर ठेवल्या आणि पुन्हा तसाच दगड झाला.

"अहो, आता तरी आराम करा."

"विश्राम म्हंजे आराम नसते, मास्तर."

मग मास्तर खाकीच्या मागं लागले. आयुष्यभर काळे कोट रंगवलेल्या हाताला खाकी सापडेना. पिवळी काव घेतली, त्यात निळ्याचा थेंब सोडला, थोडा गेरू. ओला असताना अस्सल खाकी, वाळला की शेणकी. पुन्हा पिवळं, पुन्हा निळं. दोन रविवार तर वर्दीतच गेले. मास्तरांची कंबर धरली, उजवा डोळा मिटून मिटून गालाला पेटके आले. प्रमोदिनीबाई चहा आणून ठेवत. मास्तर एकदा ब्रश चहात बुडवत आणि एकदा ब्रशाचं पाणी पीत. चंद्रभान हे सगळं बघत असणार, पण बघतो आहे असं दिसत नव्हतं.

"घरी काय म्हणतात? मालकीणबाई?" त्याला बोलतं करायला मास्तर विचारत.

ओठ न हलवता उत्तर येई, "तिले सांगतलं नाई. पेन्शनच्या कामाले जातो म्हनलं."

तिसऱ्या रविवारी तोंड झालं. चंद्रभान आखडलेली मान मोकळी करायला मागच्या अंगणात रांजणाकडं गेला. तेवढ्यात भैय्याजी हवेचा पंप परत न्यायच्या निमित्तानं आत शिरले. निमित्त म्हणण्याचं कारण, पंप मास्तरांकडं कधी नव्हताच. त्यांनी फळ्यावरचं चित्र पाहिलं, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि हळूच म्हणाले, "अरेरे. सोन्यासारखा मानूस. केव्हा गेले?"

"कोन गेलं?" मागच्या दारातून चंद्रभाननं विचारलं. हातात पाण्याचा गडू, अंगात तीच वर्दी.

भैय्याजी त्या दिवशी टोपी विसरून गेले.

भैय्याजींना हसावं, तर मास्तरांना हसू येईना. त्यांनी चित्र दारातल्या उन्हात नेलं आणि त्यांनाही ते दिसलं. खाकी साधली होती. पट्ट्या, फिती, बूट, सगळं जागच्या जागी. आणि त्या सगळ्यात बसलेला माणूस मेलेला होता. पाण्याच्या रंगात पांढरा रंग नसतो. जिथं उजेड हवा तिथं कागद कोराच ठेवायचा असतो, अगदी पहिल्या हातापासून. जित्या माणसाच्या बुबुळावर उजेडाचा कण असतो, तिळाहून बारीक. तेवढा कागद वाचवावा लागतो. पण जुन्या फोटोंत डोळ्यांच्या जागी नुसते काळे ठिपके असतात, आणि मास्तरांच्या हाताला त्या ठिपक्यांचं वळण पडलेलं. समोर धडधडीत जिता माणूस बसला होता, तरी हातानं मुकाट्यानं दोन ठिपके भरले होते. आता पुसायची सोय नव्हती.

"काय झालं, मास्तर?" चंद्रभाननं विचारलं.

"काही नाही. वाळू द्या."

मंगळवारी चंद्रभान जिनात राखण करता करता थंडी वाजून पडला. हिवताप. दातावर दात वाजायला लागले म्हणून हमालांनी त्याला सरकीच्या पोत्यांखाली दाबून ठेवलं आणि सकाळी बंडीत घालून पिपरीला पोचवलं. दुपारपर्यंत आमच्या गल्लीत खबर आली. भैय्याजींचा आवाज त्या दिवशी कीर्तनकारासारखा लागला होता. "मी सोताच्या डोयानं पाह्यलं. चित्र पुरं झालं रविवारी. मंगळवारी धरलं त्याले. अन् तो म्हने, मी मानत नाई!"

मास्तरांनी हे ओट्यावरून ऐकलं. ते आत आले, ब्रश धुतले, पुसले, एका फडक्यात बांधले आणि प्रमोदिनीबाईंच्या हातात दिले. "माळ्यावर टाक."

"लोकांचं काय ऐकता हो? पावसाळ्यानंतर हिवताप काय नवा आहे? गल्लीत घरटी एक आहे."

"मला कळतं ते." मास्तर खाटेवर टेकले. "पण कागदावर मीच त्याला मेलेला काढला ना? दुसऱ्या कोणी नाही काढला. जिवंत समोर बसला होता आणि मला मेलेलाच दिसला. आता डोळा पिकला काय अन् सडला काय."

 ब्रश माळ्यावर मात्र गेले नाहीत. बाईंनी ते फडताळात मिठाच्या बरणीमागं ठेवून दिले.

शनिवारी सकाळी दारात हाक आली. "मास्तर हाये का घरी?"

ठेंगणी, भक्कम बाई. नऊवारीचा काष्टा घट्ट, पायांवर पिपरीपासूनची धूळ. ही कोण ते मास्तरांनी ओळखलं आणि ते खाटेवरून उठले. भैय्याजी तर दुकान उघडं टाकून समोरच्या ओट्यावर येऊन बसले, म्हणजे नीट ऐकू यावं.

"मी तानाबाई. चंद्रभानची. काय काढलं ते दाखवा."

मास्तरांनी भिंतीकडं तोंड करून ठेवलेलं चित्र फिरवलं. तानाबाईंनी ते जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, खाली बसून पाहिलं.

"हा कोन होय?"

"हवालदार."

"नोहे. वर्दी त्याची हाये, बूट त्याचे हाये. मानूस माहा नोहे. हा त मेला हाये."

"हो," मास्तर म्हणाले. 

"म्हनूनच ताप निंगून नाई राह्यला."

"अहो तानाबाई, ताप डासांनी येतो. दवाखान्यातून कोयनेल आणलं ना?"

"आनलं. गिळून राह्यला तो. कोयनेल आपलं काम करते, तुमी तुमचं करा." बाई उंबऱ्यातच मांडी ठोकून बसल्या. "जसा मेला काढला, तसा आता जिता काढा."

 चित्र फाडून टाका, चुलीत घाला, असं काही ऐकायची मास्तरांनी तयारी केली होती.

"हवालदार तर म्हणतात, आम्ही हे असलं मानत नाही."

"मीबी नाई मानत. देव सोडले त सोडले. पन मास्तर, पहिले कसं, ताप आला की मरीआईले नवस बोलता ये. आता मरीआई गेली नदीत. कोनाले बोलू?" आणि त्यांनी मास्तरांकडं असं पाहिलं, जसं सगळे तालेवार देव गेल्यावर गावात हा एवढाच उरला आहे. "तुमालेच सांगून राह्यली."

"माझा डोळा गेलाय, बाई. हात कापतो. आणि मला जिता माणूस काढता येत नाही. आजवर काढलाच नाही."

"त आता काढा. ताप दिवसाआड येते. आज पाळी हाये, उद्या नाई. उद्या आनतो त्याले." त्या उठल्या, मेलेल्या चंद्रभानचं तोंड पुन्हा भिंतीकडं केलं आणि निघाल्या. जाता जाता भैय्याजींना म्हणाल्या, "काय पाहून राह्यले? तुमचंबी काढाचं हाये का?"

भैय्याजी दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं, तरी गेले.

दुसऱ्या दिवशी कापसाच्या रिकाम्या बंडीत घोंगडी पांघरून चंद्रभान आला. तापानं गळ्याची वर्दी ढिली झाली होती, कॉलरमध्ये बोट मावत होतं. खुर्चीपर्यंत त्याला दोघांनी धरून नेलं, आणि खुर्चीला टेकताच तो पुन्हा सावधान. डोळे समोरच्या भिंतीवर, दगड. मास्तरांनी नवा कागद लावला होता. ब्रश भिजवून ते तसेच बसून राहिले. हात उचलेना. समोर पुन्हा तोच फोटो होता, फक्त मोठा.

तानाबाई दाराशी खाली बसल्या होत्या. त्या तिथूनच कडाडल्या.

"पेन्शनच्या कामाले जातो म्हने!"

चंद्रभाननं पाठ आणखी ताठ केली.

"तीन आयतवार! मी म्हनलं, सरकारचं दफ्तर आयतवारी कसं उघडं राह्यते? त म्हने, फौजी दफ्तर राह्यते. अन् मी बयताड, भाकरी बांधून देल्ल्या!"

"ताना," चंद्रभान ओठ न हलवता म्हणाला, "मी वर्दीत आहो."

"असू दे! ते वर्दी धुते कोन? कोयशाची इस्त्री फिरवते कोन? त्या वर्दीत खोटं बोलता येते अन् बायकोचं आयकता येत नाई?"

मास्तरांनी मान वर केली. चंद्रभानची मान तशीच ताठ होती, पण कान लाल झाला होता. मिशीचं डावं टोक एकदा वर गेलं, खाली आलं. आणि भिंतीवर रोवलेले डोळे हळूहळू, हुकूम मोडत, दाराकडं सरकले. बायको काय करते आहे ते चोरून बघायला. दारातलं ऊन त्यांच्यावर पडलं.

"बोला, बाई," मास्तर पुटपुटले, "थांबू नका."

तानाबाईंना सांगायची गरज नव्हती. काश्मीरहून सहा-सहा महिने न आलेली चिठ्ठी निघाली, अंगठा गेल्याचं तिसऱ्याच माणसाकडून कळलं ते निघालं, नदीत सोडलेल्या मरीआईचा चांदीचा डोळा निघाला. तेवढा तरी काढून ठेवायचा होता, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी उजवा डोळा मिटला आणि ओल्या रंगात ओला रंग सोडला. गालावर तापाचा पिवळेपणा, कानावर लाज. बुबुळाशी आल्यावर त्यांनी श्वास कोंडला, मनगटाला डाव्या हाताचा टेकू दिला.  कागदाचा एक कण वाचवायचा होता आणि तो कण त्यांना नीट दिसतही नव्हता. तो कुठं असायला हवा एवढंच दिसत होतं.

प्रमोदिनीबाई चहा घेऊन आल्या त्या आतल्या दारातच थांबल्या. चहा निवला.

ऊन दारातून निघून गेलं तेव्हा मास्तरांनी ब्रश खाली ठेवला. पाठ सरळ होईना म्हणून ते तसेच जमिनीवर आडवे झाले, आपल्याच रंगाच्या वाट्यांमध्ये. चंद्रभान खुर्चीतच झोपला होता, तोंड उघडं. तानाबाईंचा घसा बसला होता. कागदावर मात्र खुर्चीच्या टोकावर एक हवालदार बसला होता, दाराकडं चोरून बघत, जसा आत्ता बोलणी खाऊन उठेल.

पुढं बूट आणि पट्ट्या रंगवायला आणखी आठवडा गेला. तेवढ्यात चंद्रभानचा ताप हटला. दवाखान्याचे डॉक्टर श्रेय कोयनेलला देतात. तानाबाई अर्धं कोयनेलला देतात, अर्धं कुणाला ते सांगत नाहीत. भैय्याजींचं म्हणणं, वर्ष पुरं होऊ द्या, मग बोलू.

चित्र न्यायला दोघं नवरा-बायको मिळून आले. चंद्रभान धोतरात होता, अंगावर थोडं मांस धरलं होतं. मास्तर दाराशी उभे होते. हात मागं बांधलेले, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखे. एवढी वर्षं चित्रं दिली, पण ज्याचं चित्र तोच बघतो आहे, हे त्यांनी कधी अनुभवलं नव्हतं. मुलगे यायचे, कोट आला का बघायचे आणि डोळ्याला उपरणं लावून घेऊन जायचे.

चंद्रभाननं चित्र उन्हात धरलं. पुष्कळ वेळ धरलं.

"बूट बराबर हाये," तो म्हणाला. "पट्ट्या बराबर. खाकीबी बराबर." मग मान तिरपी केली. "पन मास्तर, नाक जरा वाकडं नाई का आलं? दाराकडं सरकल्यावानी?"

"नाक तसंच हाये," तानाबाई म्हणाल्या.

"कसं तसंच? आरशात मी रोज पाह्यतो, सरळ हाये."

प्रमोदिनीबाईंनी आतून नवऱ्याकडं पाहिलं. मास्तरांच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. ज्यांनी ठेवायचं ते यायचेच नाहीत.

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा चढवला. मग म्हणाले,

"नाक जागेवरच होतं, हवालदार. तुम्ही हललात."